के रांगेतली पहिली खुर्ची

मेश्राम, काल कार्यक्रम झाला. खुर्च्या किती रिकाम्या राहिल्या ते मी तुला शेवटी सांगणार आहे. आधी सांगितलं तर बाकीचं तू ऐकून घेणार नाहीस, हे इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला ठाऊक आहे. दरवर्षी पडदा पडला, की तू हॉलच्या दारातच मला गाठून विचारायचास, "किती?" लोक किती आले, पैसे किती जमले, हे तू कधी आधी विचारलं नाहीस. रिकाम्या खुर्च्या किती, एवढंच.

तुला जाऊन पाच आठवडे झाले. क्लबच्या पत्रिकेसाठी अरोराजींनी माझ्याकडून तुझ्यावर एक पान लिहून घेतलं. "जन्म, पढ़ाई, नौकरी, सेवा, और एक अच्छी सी फोटो, बस," असं त्यांनी फोनवर सांगितलं. अध्यक्षांचा शब्द, मी लिहून दिलं. छापून आल्यावर वाचलं, तर त्यात तू कुठे सापडेना. मेश्राम नावाचे कोणी फार सज्जन गृहस्थ होते आणि ते वारले, इतकंच त्यातून कळत होतं. म्हणून हे दुसरं पान मराठीत लिहितो आहे. क्लबात मराठी कळणारे आपण दोघंच होतो. आता मी एकटा उरलो, त्यामुळे कोणाची भीड बाळगायचं कारण नाही.

आपली ओळख केंद्र सरकारच्या मंत्रालयातल्या एका सेक्शनमधली. तू चंद्रपूरकडून परीक्षा देऊन आलेला, करोल बागेत गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहणारा. मी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जन्मलेला, वडिलांच्याच वाटेने फायलींत शिरलेला. पहिल्या दिवशी तू विचारलंस, डब्यात काय आहे, आणि मी म्हणालो, भिंडी. तू माझ्या डब्याचं झाकण लावलंस. "भेंडी म्हण, मग खातो." तेव्हापासून माझी मराठी दुरुस्त करायचं काम तू अंगावर घेतलंस. "साठे, तुझी मराठी म्हणजे दोन खोल्यांचं टाइप टू क्वार्टर. घरच्यांना पुरते, पाहुणा आला की पंचाईत," हे तुझं लाडकं वाक्य. मला हसू यायचं, पण आत कुठेतरी थोडं लागायचंही. खेड्यातून आलेला तू कुठल्याच शब्दाला अडायचा नाहीस आणि मी मात्र साठे आडनाव लावून अडखळत बसायचो. लागलेलं मी कधी दाखवलं नाही.

पुढे आपण गाझियाबादला, वैशालीत, पाच मिनिटांच्या अंतरावर फ्लॅट घेतले आणि तू मला क्लबात ओढलंस. दर पंधरा दिवसांनी शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा. टेबलावर पितळी घंटा, कोटावर बिल्ला, बिल्ला विसरला तर दंड म्हणून सगळ्यांसमोर गाणं. तू बिल्ला मुद्दाम घरी ठेवून यायचास. मला त्या थाटाची गंमत वाटायची. पन्नाशीची माणसं शाळेतल्या पोरांसारखी वागतात, असं मी म्हणालो, तर तू म्हणालास, "घंटा वाजवून का होईना, महिन्यातून दोनदा हे लोक दुसऱ्याचा विचार करतात ना? मग वाजू दे."

क्लबचं मोठं काम एकच होतं आणि आहे. शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांवर राबणाऱ्यांच्या मुलींचं वसतिगृह. भट्टीचा हंगाम संपला, की आईबाप गावी जातात; मुलींची शाळा तुटू नये म्हणून त्या इथे राहतात. त्यांचं धान्य, फी, थंडीचे कपडे, सगळं डिसेंबरातल्या त्या एका रविवारच्या तिकिटांवर चालतं. नाटक मुलीच बसवतात, नाचतात त्याच, आणि आपण तिकिटं विकतो.

ती विकायची तुझी पद्धत सगळ्यांनी कुरकुरतच का होईना, मान्य केली होती. प्रत्येक सभासदाला आपली रांग. प्रत्येक तिकिटावर खुर्चीचा नंबर. आणि घराबाहेर पडण्याआधी प्रत्येक तिकिटामागे पेन्सिलने एकेक नाव लिहायचं. ज्याचं नाव, त्यालाच विचारायचं. तो नाही म्हणाला, तर ती खुर्ची रिकामी राहील, पण दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. "ये क्या ज़िद है, मेश्राम साहब," असं अरोराजी दरवर्षी म्हणायचे. तू मला मराठीत सांगायचास, "अरे, आपल्याला माणूस बोलवायचा आहे. त्याच्या नावाची जागा दुसऱ्याला दिली, तर पुढच्या वर्षी कुठल्या तोंडाने बोलावू त्याला?"

शेवटची के रांग तू स्वतःकडे ठेवायचास, कारण ती कोणालाच नको असायची. त्यातली पहिली, दाराजवळची खुर्ची तुझी. सभासदांना पास मिळत असूनही त्या खुर्चीचं तिकीट तू दरवर्षी विकत घ्यायचास. तिथून सगळ्यांच्या माना मोजता येतात, असं तुझं म्हणणं होतं.

तुझी रांग बहुतेक करोल बागेतच भरायची. गच्चीवर राहत होतास तेव्हापासूनचे दुकानदार तुला ओळखत. आठ वर्षं मी तुझ्याबरोबर गेलो. वैशालीला मेट्रोत बसायचं ते थेट करोल बाग. तू पुढे, मी पिशवी घेऊन मागे. दुकानात शिरलास, की आधी घरच्यांची चौकशी, चहा, आणि मग सरळ, "इतवार को आइएगा. आपकी कुर्सी रखी है." त्यानंतर तू गप्प. समोरचा घसा साफ करायचा, गल्ल्याकडे बघायचा, धंदा मंदा आहे म्हणायचा, आणि तू आपला चहाच्या ग्लासात बघत बसलेला. ती शांतता मला सोसवायची नाही. एकदा बॅगवाल्याच्या दुकानात मीच मध्ये म्हणून गेलो, "कोई बात नहीं जी, अगली बार सही." तो बिचारा सुटला. बाहेर आल्यावर तू भर गर्दीत थांबलास.

"साठे, तो येणार होता. तू सोडवलंस त्याला."

"अरे, त्याची अडचण असेल."

"मग त्याला सांगू दे ना. काहून घाई करतो बे? विचारल्यावर गप्प बसायचं. पुढचं बोलणं त्याचं असते."

मला ते कधी जमणार नाही, असं मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. आमच्या घरी शेजारून वाटीभर साखर आणणंसुद्धा कमीपणाचं. उपाशी निजावं पण हात पसरू नये, हे वडिलांचं सांगणं. मी त्याला संस्कार म्हणायचो आणि तू त्याला माज म्हणायचास. हा आपला वाद वर्षानुवर्षं चालला, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्याची मजा यायची.

नवव्या वर्षी तू माझ्या हातात वेगळं पुस्तक ठेवलंस. एफ आणि जी, दोन रांगा, चाळीस खुर्च्या. नावं तुझ्याच अक्षरात, करोल बागेतल्या एका रस्त्याची अख्खी उजवी बाजू. "किती दिवस पिशवी धरशील? आता तू कर," एवढं म्हणून तू डाव्या बाजूला निघून गेलास.

पहिलं दुकान सूद साहेबांचं. गाड्यांची सीट कव्हरं, मॅट, आरसे. मी दहा मिनिटं कव्हरं न्याहाळत उभा राहिलो. शेवटी त्यांनी विचारलं, "गाड़ी कौन सी है?" माझ्याकडे सायकलसुद्धा नाही हे तुला माहीत आहे. "छोटी है," मी म्हणालो, आणि एक स्टीयरिंग कव्हर विकत घेऊन बाहेर पडलो. तिकिटाचं नाव काढलं नाही. पुढच्या दुकानात शिरलोच नाही. त्या रस्त्यावर मी तीनदा वरखाली फिरलो, गाडीवरची लिंबाची शिकंजी प्यायलो, आणि तू भेटलास तेव्हा म्हणालो, काम चालू आहे. घरी येऊन चाळीसच्या चाळीस तिकिटं मी स्वतःच घेतली. महागाई भत्त्याची थकबाकी नुकतीच मिळाली होती. क्लबात सगळ्यांनी पाठ थोपटली. साठे साहेब छुपे रुस्तम निघाले, असं कोणीतरी म्हणालं, आणि मी ते बिनदिक्कत ऐकून घेतलं.

पैसे पोचले म्हणजे झालं, असं मला खरोखरच वाटत होतं. खुर्च्यांचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. कार्यक्रमाच्या दिवशी दिवे लागले आणि हॉलच्या मधोमध दोन रांगा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोकळ्या. विंगेत परीच्या वेशातली एक मुलगी पडद्याच्या फटीतून बघत होती. तिने मला विचारलं, "अंकल जी, बाहर बारिश हो रही है क्या?" मी नाही म्हणालो. तुझ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

तू काय केलंस ते अजून क्लबात सांगतात. शेजारच्या लग्नाच्या हॉलबाहेर बँडवाले वरातीची वाट बघत बसले होते. त्यांना तू आत आणलंस. लाल कोट, सोनेरी झालरी, मांडीवर तुताऱ्या, अशी चौदा माणसं एफ आणि जी रांगेत येऊन बसली. त्या दिवशी सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्या होत्या, आणि नाटक संपल्यावर त्यांनी बसल्या जागी वाजवूनही दाखवलं. मुली खूश झाल्या. मीही हसलो, आणि निभावलं असं समजून घरी गेलो.

पुढच्या रविवारी तू मला काही न सांगता करोल बागेला घेऊन गेलास. सूद साहेबांना विचारलंस, का आला नाहीत? ते म्हणाले, "हमें तो किसी ने बुलाया ही नहीं, बाबूजी. ये साहब आये थे, कवर लेकर चले गये." बोलताना त्यांचा चेहरा पडला होता. दुसऱ्या दुकानात तू गेला नाहीस. आपण परत फिरलो.

मेट्रोत बसायला जागा होती, तरी तू उभा राहिलास.

"चाळीसच्या चाळीस?"

"पैसे तर पोचले ना? मुलींचं काही अडलं का?"

"पोरींनी दोन महिने नाटक बसवलं, ते पैशाला दाखवायला?"

मी दरवाज्यावरची स्टेशनांची यादी वाचायला लागलो.

"चाळीस माणसांच्या वतीने तूच नाही म्हणून टाकलंस, साठे. त्यांना विचारलंसुद्धा नाहीस. माणसाला नाही म्हणायचं असेल, तर म्हणेल तो. ते त्याचं त्याला म्हणू दे."

आणि मग तू तुझ्या आईबद्दल बोललास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुमच्या वस्तीत तालुक्याच्या वसतिगृहासाठी तांदूळ मागायला एक माणूस यायचा. आई दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला. घरात कधी असायचं, कधी नसायचं. पण त्याच्यासाठी एक मूठ वेगळी काढलेली असायची. "जन्मभर लोकांनी तिला घेणारी म्हणूनच पाहिलं. तिच्या दारात मागायला येणारा तो एकच. तो आला की माय पदर सावरून उभी राहायची. तेवढ्यापुरती ती देणारी असायची. गरीब आहे बिचारी, तिला कशाला मागायचं, असं म्हणून तो पुढच्या घरी गेला असता तर?" त्याच वसतिगृहात राहून तू शिकलास, हेही मला त्या दिवशीच कळलं.

एवढं ऐकल्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "तुम्हा लोकांना मागायचं काही वाटत नाही, मेश्राम. आमच्यात नाही जमत ते."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, माझ्या बायकोला, शुभालाही नाही. 'तुम्हा लोकांना' म्हणजे काय हे म्हणताना मला माहीत होतं, आणि तुला तर ते माझ्या आधी कळलं. कित्येक वर्षं एका डब्यात जेवलो, तुझ्या लेकीच्या लग्नात मी पंगत वाढली, आणि पकडला गेलो तेव्हा तोंडातून बाहेर आलं ते हे. म्हणजे ते आत कुठेतरी होतंच. तू चिडला असतास तर बरं झालं असतं. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. यमुना बँक आलं. "चलो," म्हणालास आणि उतरलास. ते आपलं स्टेशन नव्हतं. जाताना माझ्या हातातली पिशवी घेतलीस. गाडी सुटली तेव्हा तू पिशवी घेऊन फलाटावर उभा होतास.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन, "साठे, मटार उतरलेत. येतोस का मंडईत?" मी आलो. तू दोन किलो घेतलेस, मी एक. शेवटपर्यंत त्या वाक्याबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. वहिनींनाही बोलला नसावास, कारण त्यांच्या वागण्यात कधी तसूभरही फरक पडला नाही. फक्त एक झालं. त्यानंतरची चारही वर्षं तू मला तिकिटांचं पुस्तक दिलं नाहीस. माइक, चहा, खुर्च्या पुसून घेणं, ही कामं माझी. करोल बागेला तू एकटा जायचास. तू रागावला होतास, की माझी अडचण ओळखून मला सांभाळून घेत होतास, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्हींपैकी काहीही असतं तरी मला बोलायला हवं होतं. मी मटार घेत राहिलो.

हॉस्पिटलात तुझ्या शेवटच्या आठवड्यात मी तेच ठरवून आलो होतो. लिफ्टमध्ये शब्दही जुळवले होते. तुझ्या नाकात नळी, डोळे मिटलेले. माझा आवाज ऐकून डोळे उघडलेस आणि विचारलंस, "हॉलचं बुकिंग झालं?" मी म्हणालो, झालं. मग मी हॉलच्या भाड्याबद्दल बोललो, नव्या माइकबद्दल बोललो, वीस मिनिटं बोललो. विचारल्यावर गप्प बसावं हे तू शिकवलं होतंस. मी विचारलंच नाही आणि बडबडत बसलो. निघताना तू माझं मनगट धरलंस. पकड अजून चांगली होती. "उद्या येतो," असं म्हणून मी हात सोडवून घेतला. तो उद्या आला तेव्हा वहिनी बाहेरच्या बाकावर बसलेल्या होत्या.

मागच्या महिन्यातल्या सभेत तुझ्यासाठी दोन मिनिटं उभे राहिलो. घंटा वाजवायला अरोराजींचा हात उठेना. मग ते म्हणाले, की या वर्षी कार्यक्रमात के रांगेतली पहिली खुर्ची रिकामी ठेवायची, तिच्यावर तुझा फोटो आणि हार. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. मलाही क्षणभर बरं वाटलं. मग माझ्या डोळ्यांसमोर तो दिवस उभा राहिला, हॉलच्या मधोमध मोकळ्या दोन रांगा आणि फटीतून बघणारी मुलगी. मी उभा राहिलो.

"के रांगेचं पुस्तक मला द्या," मी हिंदीत म्हणालो. "पूर्ण. पहिल्या खुर्चीसकट. मी विकतो."

"साठे साहब," अरोराजी हळू आवाजात म्हणाले, "वो श्रद्धांजलि है."

"त्यांना रिकामी खुर्ची बघवत नव्हती," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. सभेत इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा काही मागत होतो, आणि मागितल्यावर पुढे काय बोलायचं ते न सुचल्यामुळे आपोआप गप्प राहिलो. बऱ्याच वेळाने अरोराजी म्हणाले, भाभीजींना विचारा.

तिथूनच वहिनींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "विका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ते असते, तर पहिली तीच विकली असती. आणि माझंही तिकीट ठेवा. फुकट नको, येऊन पैसे घेऊन जा." मग त्यांना रडू आलं, आणि मलाही, सगळ्यांसमोर.

घरी बसून मी वीस तिकिटांमागे पेन्सिलने नावं लिहिली. पहिल्यावर लिहिलं, सूद. दुसऱ्यावर वहिनींचं.

करोल बागेला एकटा गेलो. मेट्रोत यमुना बँक आलं तेव्हा मी दरवाज्याकडे पाठ केली. दुकान तसंच आहे. सूद साहेबांचे केस पिकलेत, पण त्यांनी मला बघताच ओळखलं.

"आप वही हैं ना, स्टीयरिंग कवर वाले? फिट आया?"

"मेरे पास गाड़ी ही नहीं है, सूद साहब. उस दिन टिकट देने आया था. पूछ नहीं पाया."

ते जोरात हसले, मला स्टूल दिलं, चहा सांगितला. मग माझ्या मागे रस्त्याकडे बघून त्यांनी विचारलं, "मेश्राम जी नहीं आये?"

मी सांगितलं. त्यांनी हातातलं कव्हर खाली ठेवलं. तू दसऱ्याच्या सुमाराला येऊन मिठाई खाऊन गेलास, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग गल्ला उघडला आणि नोटा काढून माझ्यासमोर ठेवल्या. "ये बच्चियों के लिए रखिए. आना मुश्किल है. इतवार तो दुकान का दिन है."

मेश्राम, त्या नोटा उचलून धन्यवाद म्हणावं आणि निघावं, असं मला फार वाटलं. माझे पाय तसे वळलेही होते. सगळं कसं सभ्यपणे मिटलं असतं. मी नोटा त्यांच्याकडे सरकवल्या.

"टिकट के पैसे लूँगा, पर पहले आप हाँ कहिए. इतवार को आइए. आपकी कुर्सी रखी है."

आणि मी गप्प बसलो. चहाच्या ग्लासात बघत राहिलो. सूद साहेब म्हणाले, सोमवारी नसतं का ठेवता आलं, सोमवारी बाजार बंद असतो. मी गप्प. म्हणाले, बघतो. मी गप्प. तोंडापर्यंत आलेलं 'कोई बात नहीं' मी चहाबरोबर गिळलं. रस्त्यावर एक रिक्षावाला कोणाशी तरी भांडत होता, ते संपूर्ण भांडण ऐकून झालं.

"कौन सी कुर्सी है?" त्यांनी विचारलं.

"के एक. सबसे पीछे, दरवाज़े के पास. मेश्राम जी वहीं बैठते थे."

त्यांनी तिकीट उलटं केलं आणि मागे पेन्सिलने लिहिलेलं आपलं नाव वाचलं. "ठीक है," ते म्हणाले. "दो बजे शटर गिरा दूँगा."

बाहेर आलो आणि तुला सांगायला म्हणून मान वर केली. तू नेहमी पुढे असायचास, त्यामुळे मी पुढेच बघितलं. गर्दी होती, आणि तुझ्यासारखी मफलर गुंडाळलेली दोन माणसं होती. तुझी इतकी आठवण मला स्मशानातही आली नव्हती. त्याच रस्त्यावर अजून बारा दुकानं बाकी होती, म्हणून चालायला लागलो.

काल मुलींनी एका आळशी भुताचं नाटक केलं. भूत कोणाला घाबरवायलाच उठत नाही, आणि गावातली माणसं त्याला हलवून हलवून थकतात. मी माइक दुसऱ्याला दिला आणि मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. वहिनी पांढरी साडी नेसून वेळेआधी आल्या. त्यांच्या शेजारची खुर्ची पहिली पंधरा मिनिटं मोकळी होती. अरोराजींनी माझ्याकडे दोनदा वळून बघितलं. मग दार ढकलून सूद साहेब आले, धापा टाकत, हातात भुईमुगाच्या शेंगांचा पुडा. बसले, भुताच्या पहिल्याच वाक्याला खदखदून हसले, आणि थोड्या वेळाने पुडा शेजारी पुढे केला. शेजारच्या बाई कोण हे त्यांना माहीत नव्हतं. वहिनींनी चार शेंगा घेतल्या.

मी तिथे उभा राहून सगळ्यांच्या माना मोजल्या. आणि जे तुला हॉस्पिटलात म्हणायचं होतं, ते मनातल्या मनात म्हटलं. मेट्रोत मी बोललो ते नुसतं रागातलं नव्हतं, ते हलकट होतं. तुझ्या आईचं नाव निघालेलं असताना मी ते बोललो. मला क्षमा कर. हे तू समोर असताना म्हणायला हवं होतं, आणि त्यावर तू जे काही म्हणाला असतास ते मला ऐकायला हवं होतं. आता तुझी बाजू मला कधीच कळणार नाही, आणि तुझ्या वतीने माझी मीच क्षमा करून टाकणार नाही.

पडदा पडला. मी सवयीने दारात जाऊन थांबलो. लोक बाहेर पडले, मुलींनी हात हलवले, कोणी काही विचारलं नाही.

बाकीच्या रांगांचं अरोराजी सांगतील. के रांगेत दोन रिकाम्या होत्या, मेश्राम. बारा नंबर त्या बॅगवाल्याची आणि सतरा आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांची. दोघांनाही मी विचारलं होतं, आणि विचारून गप्प बसलो होतो. 'नाही' ते स्वतः म्हणाले.